आमच्या पांदणीवरील शिकारी पक्षी

दोन वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत पक्ष्यांवरील पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, शिकारी पक्षी पाहावयाचे असल्यास कोणत्या जंगलांत जावें लागतें?" प्रश्न भाबडा होता, पण त्यामागची समजूत आमच्या मनास लागून राहिली. आपल्या जिल्ह्यांत बोरचें अरण्य आहे; १९७० सालीं तें अभयारण्य झालें व २०१४ सालीं त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हां जें कांहीं रानटी व पाहण्याजोगें, तें सर्व त्या हद्दीच्या आंत असावयाचें, आणि आपल्या घराभोंवतीं केवळ कावळे-चिमण्या, असें मुलांस वाटल्यास नवल नाहीं. परंतु हा मुलगा रोज पांच किलोमीटर सायकल चालवीत शाळेस येतो. वाटेंत विजेचे खांब, धुऱ्यावरच्या बाभळी, तुरीचीं वावरें आणि एक नाला. एवढ्या वाटेंत निदान दोन तरी शिकारी पक्षी रोज वरून त्यास पाहत असले पाहिजेत; त्यानें मात्र त्यांस कधीं पाहिलें नव्हतें.

आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, "शनिवारीं सकाळीं सहा वाजतां शाळेमागच्या पांदणीवर ये, व येतांना एक वही आण." तो आला, आणि बरोबर आणखी चौघांस घेऊन आला. तेव्हांपासून परीक्षेचे दिवस व मुसळधार पाऊस वगळल्यास शनिवारची ही फेरी चुकलेली नाहीं. या फेऱ्यांत जें पाहिलें त्यापैकीं कांहीं, व आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत, विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां येथें लिहीत आहों. पालकांस पूर्वार्ध वाचण्यास वेळ नसल्यास त्यांनीं उत्तरार्ध तरी अवश्य वाचावा.

ही पांदण म्हणजे कांहीं प्रेक्षणीय स्थळ नव्हे. वर्धा शहर संपतें तेथून सेवाग्रामच्या अंगास जी काळी जमीन पसरली आहे, तींतून गेलेली ही एक बैलगाडीची वाट. पावसाळ्यांत गुडघाभर चिखल. उन्हाळ्यांत तीच माती अशी भेगाळते कीं भेगेंत सायकलचें चाक अडकावें. दोहों बाजूंस धुरे, व धुऱ्यांवर बाभळी, कडुनिंब, मधून मधून पळस. पूर्वीं येथें ज्वारी पुष्कळ होत असे असें वडील माणसें सांगतात. आतां कापूस, सोयाबीन, तूर, आणि रब्बींत चणा व गहूं. धान्य आहे तेथें उंदीर आहेत, गवत आहे तेथें नाकतोडे व सरडे आहेत. आणि एवढी शिदोरी असली म्हणजे शिकारी पक्ष्यांस जंगलाची गरज भासत नाहीं.

सकाळचीच वेळ कां, असें मुलांनीं पहिल्याच दिवशीं विचारलें. घार, गरुड, गिधाड असे रुंद पंखांचे पक्षी आकाशांत उंच चढतात तें केवळ आपल्या बळावर नव्हे, तर तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या उष्ण हवेच्या आधारानें. काळी माती ऊन फार शोषून घेते. नऊ-दहा वाजले कीं अशा हवेचे प्रवाह उठूं लागतात, आणि मग हे पक्षी पंख न हालवितां गिरक्या घेत घेत इतके वर जातात कीं खालून नुसता ठिपका दिसावा. तत्पूर्वीं मात्र त्यांस खांबावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून राहणें भाग असतें. अर्थात् सहापासून साडेआठपर्यंत ते आपल्या दृष्टीच्या आटोक्यांत असतात. दुसरें कारण भक्ष्याचें. वावरांतला उंदीर रात्रभर हिंडून पहाटे बिळाकडे परततो, आणि ज्या उंदरास परतण्यास उशीर झाला त्याची वाट पाहणारें कोणी तरी बाभळीवर बसलेलें असतें.

पाहावें कसें, याविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण बहुतेक जण प्रथम रंग पाहतात व तेथेंच फसतात. सूर्य समोर असला म्हणजे सर्वच पक्षी काळे दिसतात. शिवाय एकाच जातीचें पिलूं व प्रौढ पक्षी यांचे रंग निराळे असतात. कित्येक जातींत नर व मादी यांचेही निराळे. शिकारी पक्ष्यांत मादी बहुधा नराहून मोठी असते, ही गोष्टही आमच्या मुलांस नवी होती. म्हणून सूर्य पाठीशीं घेऊन उभें राहावें, व प्रथम आकार लिहावा: साळुंकीएवढा, पारव्याएवढा, कावळ्याएवढा, कीं घारीएवढा? मग शेपटीचें टोंक, मग उडण्याची रीत, आणि सर्वांत शेवटीं रंग. दुर्बीण नसली तरी अडत नाहीं. आम्हां सहा जणांत मिळून एकच दुर्बीण आहे, व तिचीही एक बाजू अंधुक आहे. नांवें लिहितांना आमचा आग्रह देशी नांवांचा असतो. वनखात्याच्या नोकरींत विदर्भाच्या अरण्यांत उभा जन्म घालविलेले कै. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं मराठींत पक्षिकोश सिद्ध करून ठेवला असतां आमच्या मुलांनीं पक्ष्यांस केवळ परक्या नांवांनीं ओळखावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

घारीविषयीं लिहिण्याचें कारण नाहीं. दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी वळवीत ती मटणबाजारावर व शाळेंतील डब्यांवर सारखीच नजर ठेवते. गेल्या वर्षीं मधल्या सुटींत एका मुलाच्या हातची पोळी तिनें कशी नेली, हें सर्व शाळेस ठाऊक आहे.

शिक्रा पारव्याएवढा असतो. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळा लालसर. तो उघड्यावर फारसा बसत नाहीं; झाडांतून एकाएकीं निघतो, जमिनीलगत तीरासारखा जातो, आणि सरडा किंवा चिमणी उचलून दुसऱ्या झाडांत शिरतो. त्याची वर्दी इतर पाखरेंच देतात: सातभाई, बुलबुल आणि खारी यांनीं एकदम कल्लोळ मांडला कीं तेथें शिक्रा तरी असावा किंवा मांजर तरी. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. मृग जवळ आला म्हणजे "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" अशी ज्याची हाक आपले शेतकरी ऐकतात, तो पावशा दिसण्यांत बहुतांशीं शिक्र्यासारखाच असतो. तीच राखी पाठ, त्याच रेघा, उडण्याची धाटणीही तीच. पण तो कोकिळेच्या कुळांतला. घरटें बांधण्याची यातायात न करतां पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यांत आपलें अंडें घालते. आणि शिक्र्याच्या या सोंगामुळें लहान पाखरें बिचकतात, तेणेंकरून तिचें काम सुकर होतें, असें अभ्यासकांचें मत आहे. चोंच नीट पाहिली कीं सोंग उघडें पडतें. शिक्र्याची आंकड्यासारखी वळलेली, पावशाची साधी. पहिल्या उन्हाळ्यांत आमच्या वहींत 'शिक्रा' म्हणून लिहिलेल्या पक्ष्यांपैकीं किती पावशे होते, हें आतां विचारूं नये!

विजेच्या खांबावर तासन् तास एकाच जागीं बसलेला, तपकिरी, कांहींसा कंटाळलेला असा कावळ्याएवढा पक्षी दिसला तर तो बहुधा तिसा. डोळे पांढरे, गळा पांढरा, व गळ्यावर मधोमध एक काळी रेघ. नाकतोडे, सरडे व लहान उंदीर यांवर त्याचा निर्वाह चालतो. त्याच्या शास्त्रीय नांवांतही हा 'तीसा' शब्द आहे. म्हणजे साहेबांनीं शास्त्र लिहिलें, पण नांव आपल्याच लोकांस विचारून घेतलें.

दसरा-दिवाळीच्या सुमारास परदेशचे पाहुणे येतात. त्यांत भोवत्या नांवाचे लांब पंखांचे पक्षी प्रमुख होत. मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांत थंडी पडूं लागली कीं ते हजारों किलोमीटर उडत इकडे येतात, आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. पंख किंचित् वर उचलून, पिकाच्या शेंड्यांस जवळ जवळ स्पर्श करीत, ते वावराच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत हळूहळू चाळणी मारीत जातात. त्यांचा चेहरा घुबडासारखा गोलसर असतो. त्या रचनेमुळें गवतांतील बारीक खसखस त्यांच्या कानांपर्यंत पोंचते. हिवाळ्यांतच खरूचीही येते. ही ससाण्याच्या कुळांतली. ससाणे हे घारी-गरुडांचे चुलतभाऊ, असें आम्हांस शाळेंत शिकविण्यांत आलें होतें, आणि आम्हींही कित्येक वर्षें तेंच शिकविलें. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून ससाण्यांचें जवळचें नातें घारीशीं नसून पोपटाशीं आहे, असें दिसून आलें. तेव्हां जुन्या विद्यार्थ्यांनीं आमच्या त्या पाठाची दुरुस्ती करून घ्यावी.

परंतु ज्या पक्ष्याकरितां हा लेख लिहावयास घेतला, ती कापशी. कावळ्याहून लहान अशी ही घार पांदणीवर बारा महिने असते. पोट फुटलेल्या बोंडासारखें शुभ्र, म्हणून कापसाच्या मुलखांतील मुलांस तिचें नांव एकदां सांगितलें कीं पुरतें. पाठ राखी, खांद्यावर काळा डाग, डोळ्याभोंवतीं काजळ घातल्यासारखी काळी कड, आणि डोळा गुंजेसारखा लालभडक. बाभळीच्या वाळलेल्या शेंड्यावर अथवा तारेवर ती बसते, व बसल्या बसल्या शेपटी हळूच वरखालीं करते. या एका खोडीवरूनही ती लांबून ओळखतां येते. इतर बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. हिचे घुबडासारखे पुढें वळलेले आहेत. १७८९ सालीं देफाँतेन नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील पक्ष्यावरून हिचें पहिलें शास्त्रीय वर्णन लिहिलें. म्हणजे आमच्या बाभळीवरील ही शेजारीण आफ्रिकेंतही नांदते. आणि युरोपांतील स्पेन देशांतही ती घरटीं बांधते.

तिची शिकार पाहण्यासाठीं आम्ही कित्येकदां चहा थंड होऊं दिला आहे. जमिनीपासून दहा-पंधरा मीटर उंचीवर ती वाऱ्याकडे तोंड करून हवेंत उभी राहते. 'उभी राहते' हाच शब्द योग्य होय. पंख जलद चालतात, शेपटी पसरते व मिटते, धड वाऱ्याबरोबर हेलकावतें. डोकें मात्र खिळा ठोकल्यासारखें एका जागीं. एका मुलानें युक्ति काढली. त्यानें स्वतः स्थिर उभें राहून तिचें डोकें दूरच्या तारेच्या रेषेंत धरलें व मनांतल्या मनांत आंकडे मोजले; वीस म्हणेपर्यंत डोकें रेषेबाहेर गेलें नाहीं. डोकें हाललें तर डोळ्यांतील चित्र हालेल, आणि मग गवतांतील उंदराची हालचाल कोणती व आपली कोणती हें कळणार नाहीं, असें हें साधें गणित आहे. कांहीं दिसलें कीं ती जिन्यानें उतरल्यासारखी थांबत थांबत खालीं येते. शेवटचा टप्पा येतांच पंख पाठीवर उंच उभारते, पाय सोडते आणि पडते. पुष्कळदां ती रिकाम्या पायांनीं वर उठते. मुलांस याचें वाईट वाटतें. आम्हांस मात्र, गणिताच्या तासाची आठवण होऊन, तिच्या चिकाटीचें कौतुक वाटतें.

घरट्याच्या दिवसांत शिकारीचा बहुतेक भार नरावर असतो. तो उंदीर घेऊन आला म्हणजे मादी घरट्यावरून उठते, आणि कधीं कधीं हवेंतल्या हवेंतच तो त्याच्या पायांतून आपल्या पायांत घेते. अंडीं बहुधा तीन किंवा चार. उंदीर विपुल असतील त्या वर्षीं कापशी एकाहून अधिक वेळां वीण घालते. उंदीर कमी, तर पिलेंही कमी. पिलांचे डोळे प्रथम पिवळट-तपकिरी असतात, व वय वाढतें तसतसे लाल होत जातात. घरट्याजवळ जाण्यास व अंड्यांस हात लावण्यास आम्हीं मुलांस सक्त मनाई केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही ती आहेच.

कापशी काय खाते हें सांगण्यापेक्षां दाखविणें बरें, म्हणून आम्हीं मुलांस तिच्या नेहमींच्या बाभळीखालीं नेलें. तेथें करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या लांबट गोळ्या पडलेल्या असतात. मुलांस ती विष्ठा वाटली. ती विष्ठा नव्हे. पक्ष्यास दांत नाहींत. भक्ष्य तुकडे करून किंवा सबंधच गिळावें लागतें, आणि त्यांतील जे केस व जीं हाडें पचत नाहींत त्यांची पोटांत गोळी होऊन ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. गव्हाणी घुबडाच्या गोळींत उंदराची कवटी पुष्कळदां अखंड मिळते. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांचा जठररस अधिक तीव्र, म्हणून त्यांच्या गोळींत केस फार व हाडें थोडीं. अशी गोळी चिमट्यानें उचलून आगपेटींत ठेवावी, शाळेंत आणून कोमट पाण्यांत भिजवावी, सुईनें हलके हलके उकलावी, व नंतर हात साबणानें धुवावे. पहिल्या गोळींतून करड्या केसांचा पुंजका, जबड्याचा एक तुकडा व छिन्नीसारखा वळलेला पिवळसर दांत निघाला. तो दांत पाहून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या कोठींतलीं पोतीं यानंच फाडलीं!" त्या दिवशींचा जीवशास्त्राचा पाठ तेथेंच पूर्ण झाला, असें आम्ही समजतों.

आतां चुकीची हकीकत. ती गेल्या हिवाळ्यांतली आहे.

आमच्या घरीं स्वयंपाकघरामागें एक लहान खोली आहे. तींत गव्हाचीं व तुरीचीं पोतीं असतात, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही असतात. उंदरांनीं प्रथम पोतीं फोडलीं. त्याची आम्हीं फिकीर केली नाहीं. पुढें त्यांनीं आठवीच्या इतिहासाचा एक गठ्ठा कुरतडला, तेव्हां आम्ही रागानें बाजारांत गेलों व उंदीर मारण्याच्या वड्या घेऊन आलों. वड्या उत्तम लागू पडल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भरदिवसा उंदीर अंगणांत झिंगत फिरूं लागले. कांहीं मेले, ते घरच्या मंडळींनीं सुपलींत भरून कुंपणापलीकडच्या उकिरड्यावर टाकले. कांहीं तसेच धडपडत पांदणीकडच्या वावरांत गेले. आम्हीं तें पाहिलें, आणि खोली मोकळी झाली म्हणून समाधान मानलें. कुंपणापासून शंभर पावलांवर कापशीच्या जोडप्याची बाभळ आहे, हें आमच्याहून अधिक कोणास ठाऊक होतें? पण त्या घटकेस तें आम्हांस आठवलें नाहीं.

पुढच्या शनिवारीं बाभळीवर एकच पक्षी होता. दुसरा त्याच मुलास सांपडला, ज्यानें जंगलाचा प्रश्न विचारला होता. बाभळीच्या बुंध्याशीं, पऱ्हाटीच्या वाळलेल्या पानांत, ती कापशी पंख पसरून पडली होती. चोंचीपाशीं थोडें रक्त होतें. जखम कोठेंच नव्हती. मुलानें तिला उचलूं नये म्हणून आम्हीं हात आडवा केला, तेव्हां तो म्हणाला, "सर, ही कशानं मेली?" आम्हीं त्या वेळीं "पाहूं" एवढेंच म्हटलें. खरें उत्तर देण्यास आम्हांस पुढचा शनिवार लागला.

या वड्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोनसारखें द्रव्य असतें. तें पोटांत गेलें म्हणजे यकृतांत रक्त गोठविणारे घटक तयार होणें थांबतें. उंदीर लगेच मरत नाहीं. त्यास कांहीं दिवस लागतात, व तेवढ्यांत तो पुन्हां पुन्हां येऊन वडी खातो. शेवटीं शेवटीं तो मंद होतो, उजेडांत येतो, पळत नाहीं. दहा वेळां झडप घालून एखादा उंदीर ज्यास मिळतो, त्या शिकाऱ्यास असा उंदीर म्हणजे आयतें ताट. आणि उंदराच्या यकृतांत सांठलेलें तें द्रव्य त्याच्याबरोबर पक्ष्याच्या पोटांत जातें. आमची कापशी आमच्याच वड्यांनीं मेली, हें न्यायाधीशापुढें सिद्ध करतां येण्याजोगें नाहीं. तिची तपासणी झाली नाहीं. पण जखम नसतांना चोंचीशीं रक्त, आणि आठ दिवस आधीं आमचा उकिरडा, एवढा पुरावा आम्हांस पुरेसा वाटला, व तो आम्हीं मुलांपुढें जसाचा तसा ठेवला. मुलें कांहीं बोललीं नाहींत. एकानें वहींत तारीख लिहिली.

आमच्या पिढीस तर हें अगोदरच कळावयास हवें होतें. कारण अशीच एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडून गेली होती. आमच्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं पाहतां पाहतां आकाशांतून गिधाडें उतरत, व थोड्याच वेळांत तेथें हाडांचा सांपळा उरे. आज आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एकानेंही गिधाड पाहिलेलें नाहीं. त्यांस कोणीं मारलें नाहीं. कोणाचें त्यांच्याशीं वैरही नव्हतें. आजारी बैलास वेदना कमी व्हाव्या म्हणून लोक डायक्लोफेनॅक हें औषध देत. तो बैल मेला व गिधाडांनीं खाल्ला, म्हणजे त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. १९९० नंतरच्या दशकांत गिधाडें झपाट्यानें नाहींशीं होऊं लागलीं. कारण मात्र २००४ सालीं उजेडांत आलें, व २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं या औषधावर बंदी घातली. तोंवर काय झालें होतें? पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ सालीं जेथें हजार होतीं, तेथें २००७ सालीं एखादें उरलें होतें. बंदीनंतरही माणसांसाठीं असलेल्या मोठ्या बाटल्यांतून तें औषध गोठ्यांत जात राहिलें, म्हणून २०१५ सालीं त्या बाटल्यांवर, आणि २०२३ सालीं ॲसिक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन या तशाच दोन औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस अपाय करीत नाहीं. ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्यांनीं ढोरांच्या डॉक्टरांकडून तेंच मागून घ्यावें. २०२४ सालीं पेंच व ताडोबा येथें पिंजोरच्या प्रजनन केंद्रांतून आणलेलीं गिधाडें सोडण्यांत आलीं आहेत. हजारों जेथें फुकट येत, तेथें आतां एकेकास खुणेचा बिल्ला व यंत्र लावून सोडावें लागतें.

पालकसभेंत आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां एका विद्यार्थ्याचे वडील उठून म्हणाले, "सर, पाखरू वाचलं पाहिजे हे खरं, पण माह्या तुरीचं काय?" हा आक्षेप रास्त होता. ज्याच्या वर्षाच्या कमाईस उंदीर लागले आहेत, त्यास पक्ष्यांचें सौंदर्य सांगणें हा उपमर्द होय. आम्हीं त्यांस आम्ही घरीं काय केलें तें सांगितलें. खोलीच्या भिंतींतील भोकें सिमेंटनें बुजविलीं, मोरीस जाळी लावली, धान्य पत्र्याच्या कोठ्यांत भरलें व कोठ्या भिंतीपासून वीतभर पुढें ओढल्या. राहिलेल्या उंदरांसाठीं दोन चाप आहेत. यास वड्यांहून खर्च अधिक आला, हें आम्हीं लपविलें नाहीं. कोठें विष घालणें अपरिहार्यच झालें, तर रोज सकाळीं मेलेले व झिंगणारे उंदीर वेंचून हातभर खोल पुरावे. उकिरड्यावर टाकूं नयेत. ही गोष्ट कुत्र्या-मांजरांसाठींही तितकीच महत्त्वाची आहे.

वावराचा प्रश्न निराळा. तेथें कोठी नेतां येत नाहीं. पण चण्यांतील व तुरींतील अळीसाठीं पक्षिथांबे लावावेत, अशी शिफारस कृषिखातें करीतच असतें. आडवी काठी ठोकलेले ते उभे बांबू पुष्कळांनीं पाहिले असतील. अळ्या टिपणारे कोतवाल व साळुंक्या ज्या काठीवर बसतात, तिच्यावर कापशीनें बसूं नये असा नियम नाहीं. त्या गृहस्थांनीं आमच्या भिडेनें म्हणा वा मुलाच्या हट्टानें म्हणा, धुऱ्यापासून आंत चार उंच थांबे लावले. चौथ्या दिवशीं मुलगा धांवत वर्गांत आला. बापानें स्वतः त्यास पहाटे उठवून एका थांब्यावरची कापशी दाखविली होती. "उंदीर कमी झाले का?" असें आम्हीं पुढें त्यांस विचारलें. ते हंसून म्हणाले, "मोजले नाहीत, सर. पण सकाळी ती बसली का नाही, हे पाहून मंग मी कामाले लागतो."

आमच्या बाभळीवरचा एकटा पक्षी सबंध उन्हाळाभर एकटाच राहिला. पावसाळ्यांत तो दिसेनासा झाला, आणि मुलांनीं आशा सोडली. आश्विनांत त्याच शेंड्यावर दोन कापश्या बसलेल्या दिसल्या. यांपैकीं एक तोच जुना पक्षी, असें मुलांचें म्हणणें. आम्हीं त्यावर वाद घातला नाहीं. दिवाळीच्या सुटींत काड्या नेणें सुरू झालें. सध्यां घरट्यांत तीन पिलें आहेत. चौथें असल्याचा दोघां विद्यार्थ्यांचा दावा आहे, परंतु दुर्बिणीची चांगली बाजू ज्यांच्या डोळ्यास आली त्यांस तीनच दिसलीं. वहींतील शेवटची नोंद गेल्या शनिवारची आहे: दोन पिलें फांदीवर येऊन पंख झाडीत होतीं, तिसरें घरट्यांतच होतें, व नर सकाळपासून दोन उंदीर घेऊन आला.